तीन दशांश अंशांची मगर

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात शिरले आणि ओसरले. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत आमच्या छोट्या कार्यालयात कॅमेऱ्यांची जितकी चौकशी झाली तितकी एरवी सबंध वर्षात होत नाही, आणि ती चोरांसाठी नव्हे, मगरींसाठी होती. ज्यांनी बडोदे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते: ही नदी शहराच्या ऐन मधून, सयाजीबागेला लागून वाहते आणि तिच्या कोतरांत, म्हणजे काठच्या घळींत, गोड्या पाण्यातल्या मगरी शेकड्यांनी राहतात. जुन्या बडोदेकरांना त्यांचे फारसे अप्रूप नाही. पण पूर आला की त्या नदीला मिळणाऱ्या पावसाळी नाल्यांतून, म्हणजे इथल्या भाषेत कांसांतून, वर चढतात आणि पाणी उतरल्यावर कुणाच्या अंगणात, कुणाच्या वाहनतळात अडकून पडतात. मगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे तिला पकडणे हे वनखात्याचे काम. रहिवाशांच्या हाती उरते ते इतकेच, की ती आलेली वेळेवर दिसली पाहिजे.

मी सोळा वर्षे कॅमेरे बसवते. या काळात अंधारात कोणता कॅमेरा काय दाखवील याबद्दल माझी काही ठाम मते तयार झाली होती, आणि त्यांतले सर्वांत ठाम मत सप्टेंबरातल्या एका रात्री दोन वाजण्याच्या सुमारास मोडले. ती हकिकत लिहून ठेवावी असे बरेच दिवस मनात होते.

ज्या सोसायटीत हे घडले ती नदीपासून फार लांब नाही. मागच्या कुंपणाची भिंत एका कांसाला समांतर जाते, आणि भिंत व कांस यांच्यामध्ये दहाबारा मीटर रुंदीचा चिखलाचा पट्टा आहे. भिंतीला एके ठिकाणी पाणी निघून जाण्यासाठी मोठे भगदाड ठेवलेले होते, त्यावरची जाळी पुरात वाहून गेली होती, आणि पाणी उतरल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी एक मध्यम आकाराची मगर पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली होती. सोसायटीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, हे निवृत्त हिशेबनीस. मूळचे इथल्याच दांडिया बाजारातले. त्यांनी मला बोलावून भिंत दाखवली आणि म्हणाले, “ताई, चोर परवडला. चोर निदान माणसाला घाबरतो.”

त्यांच्याकडे मागच्या बाजूला चार जुने कॅमेरे होते, भिंगाभोवती बारीक एलईडींचे कडे असलेले, ज्यांना बाजारात ‘आयआर बुलेट’ म्हणतात (आयआर म्हणजे इन्फ्रारेड). मी उष्णतेवरून चित्र काढणारा थर्मल कॅमेरा सुचवला तेव्हा अप्पांनी जो प्रश्न विचारला तो अगदी रास्त होता आणि तो मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतेच. “आयआर तर आमच्याकडे आहेच की. मग हे इतक्या पैशांचं नवं आयआर कशाला?”

हा गोंधळ नावामुळे होतो. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून पाडलेल्या वर्णपटाच्या तांबड्या टोकापलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, तापमापी ठेवली आणि पारा चढताना पाहिला, तेव्हापासून तांबड्याच्या पलीकडले सगळेच ‘इन्फ्रारेड’ या एका नावाखाली गेले. आपला डोळा साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश पाहतो. साध्या कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनला सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचे दिसते, आणि म्हणून दिवसा रंग बिघडू नयेत यासाठी सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी एक काच असते. संध्याकाळी ‘टिक’ असा आवाज करून ती काच बाजूला सरकते आणि चित्र काळेपांढरे होते. अप्पांचे आयआर हे एवढेच: ८५० नॅनोमीटरचे एलईडी अंधारात प्रकाश टाकतात, आणि तो वस्तूवर आपटून परत आला तर कॅमेऱ्याला दिसते. म्हणजे तो एक दिवाच आहे, फक्त आपल्याला जवळजवळ न दिसणारा. थर्मल कॅमेरा मात्र ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात काम करतो, अर्थात दहापट लांब तरंगलांबीवर. आपल्या शरीराच्या किंवा भिंतीच्या, झाडाच्या, जमिनीच्या तापमानाला असलेली कोणतीही वस्तू स्वतःच जी किरणे सतत बाहेर टाकत असते, त्यांचा भर १० मायक्रोमीटरच्या आसपास येतो. या कॅमेऱ्याला दिवा लागत नाही, चंद्र लागत नाही. त्याच्यापुरता अंधार नसतोच.

हे शेवटचे वाक्य मी अप्पांनाही असेच ऐकवले होते.

प्रात्यक्षिकाचा दिवस तर फारच झकास गेला. सोसायटीच्या सभागृहात दिवे बंद करून मी मॉनिटरवर चहाचा कप दाखवला, जो पांढरा फटफटीत दिसत होता. एका मुलाला भिंतीवर तळहात टेकवायला सांगितले. हात काढल्यावरही भिंतीवर पाच बोटांचा उजळ ठसा काही वेळ राहिला आणि सगळी सभा ‘वा’ म्हणाली. अप्पांना खिडकीच्या काचेमागे उभे केले तेव्हा ते पडद्यावरून नाहीसे झाले, कारण काच या तरंगलांबीला भिंतीइतकीच अपारदर्शक असते, आणि म्हणूनच या कॅमेऱ्याचे भिंग काचेचे नसून जर्मेनियमचे असते. बाहेरच्या अंगणात झोपलेला कुत्रा कंदिलासारखा चमकत होता. हे सगळे खरे होते, आणि तरी आता आठवले की माझे मलाच लाजल्यासारखे होते: मी दाखवलेल्या प्रत्येक वस्तूत तिची स्वतःची ऊब होती. ज्या प्राण्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता तो शीतरक्ती आहे ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही माहीत असते, आणि मलाही माहीत होती. ती त्या दिवशी माझ्या डोक्यात कुठल्या तरी दुसऱ्याच कप्प्यात पडून होती.

पंधरा दिवसांच्या चाचणीवर थर्मल कॅमेरा मागच्या टेरेसच्या कोपऱ्यावर, सहा मीटर उंचीवर बसवला. ३८४ गुणिले २८८ पिक्सेलचा मायक्रोबोलोमीटर, म्हणजे ही उष्णतेची किरणे टिपणारा सेन्सर, आणि १९ मिलिमीटरचे भिंग, म्हणजे ३५ मीटरवर एका पिक्सेलमध्ये सुमारे तीन सेंटिमीटर मावतात. दोन मीटरची मगर साठावर पिक्सेल लांब भरेल, तेव्हा ती न दिसण्याचे काही कारण नाही, असा माझा हिशेब होता. शेजारी तुलनेसाठी आमच्याकडचा एक नवा, रात्रीही रंगीत चित्र देणारा कॅमेरा लावला, आणि अप्पांच्या जुन्या आयआर बुलेटांपैकी एक तसाच चालू ठेवला.

त्या रात्री मी स्वतः थांबले होते. आठ ते अकरा चांगला पाऊस होऊन थांबला होता, हवा पूर्ण पडलेली, सगळे ओलेगच्च. रखवालदाराच्या खोलीत तीन पडदे शेजारी शेजारी मांडलेले होते. थर्मलच्या पडद्यावर भिंतीच्या कडेने झोपलेली दोन कुत्री पांढरीशुभ्र, फेऱ्या मारणारा रखवालदार पांढराशुभ्र, आणि बाकी सगळे एकाच राखाडी रंगाचे. दर काही मिनिटांनी कॅमेऱ्याच्या आतला पडदा ‘टक्’ करून मिटायचा आणि चित्र क्षणभर गोठायचे. आपल्या पिक्सेलांतले आपापसातले फरक पुसून घेण्यासाठी तो कॅमेरा अधूनमधून असा एका समान तापमानाच्या पातीकडे पाहून घेतो. शेजारच्या रंगीत कॅमेऱ्याच्या पडद्यावर मुंग्या वळवळाव्यात तसे ठिपके. तिसऱ्या पडद्यावर, आयआर बुलेटमध्ये, भिंगापुढे कोळ्याने घातलेले जाळे झगझगीत पांढरे दिसत होते आणि त्याच्यामागचे जग काळे होते. एका किड्याने तर दहा मिनिटे अर्धा पडदा व्यापला होता.

दोनला दहा कमी असताना रखवालदार धावत खोलीच्या दाराशी आला. “बेन, पेली बाजू जुओ, मगर छे.”

मी पडद्याकडे पाहिले. तिन्ही पडद्यांवर मगर नव्हती.

त्याच्यामागे मी भिंतीपाशी गेले. त्याने टॉर्च उजव्या कानशिलाला लावून धरली आणि भिंतीवरून चिखलात झोत टाकला. दोन निखारे लागावेत तसे दोन डोळे, तांबडे नारिंगी, आमच्याकडे रोखलेले. त्याने टॉर्च कंबरेपाशी नेली आणि डोळे विझले. परत कानाशी आणली, परत पेटले. शेतावर राखण करणाऱ्या बापाकडून तो हे शिकला होता. मगरीच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे परावर्तक थर असतो, तो आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला बहुतांशी परत पाठवतो, त्यामुळे दिवा आणि पाहणारा डोळा जवळजवळ एकाच रेषेत असतील तरच ती चमक दिसते. हे मी पुस्तकात वाचले होते. त्याला वाचायची गरज पडली नव्हती.

ती मगर कॅमेऱ्यापासून मोजून ३५ मीटरवर, भगदाडापासून आठ पावलांवर पडली होती, आणि नंतर चिखलातल्या खुणांवरून दिसले की बराच वेळ पडलेली असावी. अप्पांना उठवले, वनखात्याला फोन झाला, रखवालदाराने आणि मी मिळून भगदाडापुढे दोन लोखंडी टेबले आडवी टाकली. खात्याची माणसे येण्याच्या आधीच, दोन चाळीसला, ती सरपटत कांसात उतरली. कुणाला काही झाले नाही. अप्पा माझ्यापाशी येऊन फक्त एवढेच म्हणाले, “अंधार नसतोच म्हणाला होतात तुम्ही.”

उरलेली रात्र मी ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेऊन बसले. कॅमेरा चालू होता, भिंग स्वच्छ होते, मगर चित्राच्या जवळजवळ मधोमध होती. आणि मग एक गोष्ट दिसली ज्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. दोन एक्केचाळीसनंतर, म्हणजे मगर निघून गेल्यावर, त्याच जागी एक लांबट, किंचित उजळ ठसा उमटलेला होता, आणि तो सातआठ मिनिटे हळूहळू विरत गेला. सभागृहातल्या भिंतीवर मुलाच्या बोटांचा उमटला होता अगदी तसाच. मगर होती तोवर पडद्यावर दिसली नव्हती. तिने झाकून ठेवलेला चिखल, ज्याला बाष्पीभवनाने थंड व्हायला वाव मिळाला नव्हता, तो मात्र ती गेल्यावर दिसला.

मग मी कच्ची आकडेवारी उघडली. ओला चिखल सरासरी २६.६ अंश. मगरीची पाठ २६.९ अंश. तासन्‌तास ओल्या अंगाने ओल्या मातीवर पडून राहिलेला, स्वतःची ऊब तयार न करणारा प्राणी मातीच्याच तापमानाला आला होता; फरक उरला होता तो तीन दशांश अंशांचा. आता माहितीपत्रकाप्रमाणे या सेन्सरची किमान ओळखू येणारी तफावत ०.०५ अंश होती, म्हणजे तीन दशांश हे त्याच्या सहापट. कागदावर सेन्सरला मगर दिसलीच होती. ती आमच्यापर्यंत पोचली नाही याचे कारण मी निवडलेली मांडणी होती. प्रात्यक्षिकात माणसे ठसठशीत दिसावीत म्हणून मी चित्रातले सर्वांत थंड आणि सर्वांत गरम यांच्यामधले सगळे अंतर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सरळ वाटून द्यायला सांगितले होते. कुत्री आणि रखवालदार चित्रात असताना ते अंतर २४ पासून ३६ अंशांपर्यंत गेले होते. बारा अंश, आणि दाखवायला राखाडीच्या २५६ छटा; एका अंशाच्या वाट्याला एकवीस छटा, तीन दशांशाच्या वाट्याला सहा. सहा छटांचा फरक, तोही रात्री दोन वाजता, स्वस्तातल्या मॉनिटरवर, कुणाच्या डोळ्याला लागणार?

मी कुत्री चित्राबाहेर कापली आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची पट्टी २६ ते २७.५ अंशांवर ताणली. मगर उगवली. पण तिच्याबरोबर आणखी पंधरावीस मगरी उगवल्या, कारण त्या चिखलात डबकी होती, विटांचे तुकडे होते, जलपर्णीचे गठ्ठे होते, आणि त्यांच्यातही आपापसात अर्ध्या अर्ध्या अंशाचे फरक होतेच. शिवाय सेन्सरची स्वतःची उभ्या रेघांची नक्षी वर आली. मला माहीत होते की मगर कोणती, म्हणून मला ती दिसली. पाऊस पडून गेल्यावर सगळ्या सृष्टीचे तापमान एकसारखे होते आणि थर्मल चित्र धुतल्यासारखे फिके पडते, हे या धंद्यातले सर्वांना ठाऊक असलेले वाक्य आहे. उन्हाळ्यातसुद्धा पहाटे आणि सांजेला अशी एकेक वेळ येते जेव्हा तापत जाणारी वस्तू आणि निवत जाणारी वस्तू एकमेकींना ओलांडतात आणि तेवढ्यापुरत्या एकरूप होतात. आमच्या बाबतीत ती वेळ रात्रभर टिकली होती.

पाण्यातल्या मगरीबद्दल तर बोलायलाच नको. या तरंगलांबीला पाण्याचा मिलिमीटरहून कमी जाडीचा थरसुद्धा पुरेसा पडदा असतो. पाण्याखालचे काहीही दिसत नाही, आणि वर आलेले नाक व डोळे म्हणजे आमच्या हिशेबाने तीनचार पिक्सेल, तेही पाण्याच्याच तापमानाचे.

पुढचे दहा दिवस मी त्या टेरेसवर जवळपास मुक्कामच ठोकला. रंगीत कॅमेऱ्याची परीक्षा आधी घेतली, कारण त्याच्या माहितीपत्रकावर ०.०००५ लक्स (लक्स हे उजेडाचे माप), म्हणजे एवढ्याशा उजेडातही चित्र दिसते, हा आकडा मोठ्या ठळक अक्षरांत छापलेला होता. कंपनीचे नाव घेत नाही. सगळ्यांचीच पत्रके कमीअधिक अशीच असतात. पौर्णिमेच्या रात्री जमिनीवर एक दशांश ते तीन दशांश लक्स असतो, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात हजारांश लक्सच्या घरात. आता साधा हिशेब करून पाहू. पिक्सेलची बाजू २.९ मायक्रोमीटर, भिंग एफ १.०, म्हणजे बाजारात सर्रास मिळणाऱ्यांत सर्वांत उघडे, आणि समोरची वस्तू पडलेल्या प्रकाशाचा पाचवा हिस्सा परत करणारी. एक लक्स उजेडात, सेकंदाला पंचवीस चित्रे घेताना, एका पिक्सेलवर एका चित्रात साधारण ऐंशी ते शंभर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, येतात. एक शतांश लक्सला येतो जवळपास एक. एक फोटॉन! आणि फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे येतात, मोजून मापून येत नाहीत: सरासरी शंभर असेल तर दहाचा चढउतार, सरासरी एक असेल तर कधी शून्य, कधी तीन. पडद्यावरच्या त्या मुंग्या म्हणजे सेन्सरचा दोष नव्हे, प्रकाशच इतका तुटपुंजा आहे. तिथे कितीही महागडा सेन्सर आणला तरी जो फोटॉन आलाच नाही तो त्याला मोजता येणार नाही.

मग पत्रकातला आकडा कुठून येतो? एका चित्रासाठी पंचविसाव्या हिश्श्याऐवजी सेकंदाचा तिसरा हिस्सा झडप उघडी ठेवायची, अनेक चित्रांची सरासरी काढून मुंग्या पुसायच्या, आणि ‘चित्र दिसते’ असे म्हणायचे. दिसते खरे. भिंत सुरेख दिसते, झाड सुरेख दिसते. पण हलणारी वस्तू त्या सरासरीत विरघळते. मी आमच्याकडच्या मुलाला चिखलातून सावकाश चालायला लावले. पडद्यावर त्याच्या जागी एक धुरकट डाग सरकत गेला आणि त्याचे पाय तर कधी उमटलेच नाहीत. एक गंमत मात्र नोंदवण्यासारखी आहे: ढगाळ रात्री हा कॅमेरा निरभ्र रात्रीपेक्षा चांगले दाखवत होता. खेड्यात ढग आले की रात्र अधिक काळी होते. शहरात ढग सगळ्या दिव्यांचा उजेड खाली परत टाकतात.

उरले अप्पांचे जुने आयआर. तिथे मी एक चूक चांगल्या हेतूने केली. किडे, कोळी आणि पावसाचे थेंब भिंगापाशी चमकू नयेत म्हणून दिवा कॅमेऱ्यापासून वेगळा, दोन मीटर लांब दुसऱ्या खांबावर लावावा, असे आम्ही सगळे नव्या मुलांना शिकवतो. तसे केले, आणि चित्र खरोखर स्वच्छ झाले. जाळे दिसेना, किडे दिसेनात. फक्त तिसऱ्या रात्री कांसाच्या काठी आलेल्या मगरीचे डोळेही दिसेनात, जे रखवालदाराला भिंतीवरून आरामात दिसत होते. दिवा कानशिलाला लावायचा असतो, कंबरेला नव्हे, हे मला दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा शिकवले गेले. मग अरुंद झोताचा दिवा भिंगाच्या अगदी वर, चार बोटांवर बसवला आणि किड्यांचा त्रास पत्करला. या प्रकाशात हिरवी पाने पांढरीशुभ्र दिसतात, ओला चिखल आणि पाणी काळे, मगरीचे अंग काळ्यावर काळे. म्हणून पानांची गर्दी चित्राच्या बाहेर राहील असा झोत वळवला. असे केल्यावर ४० मीटरपर्यंत डोळे दोन टाचण्यांसारखे स्पष्ट दिसू लागले. अर्थात मगरीने तोंड आमच्याकडे केलेले असले तरच. पाठ फिरवून पडली तर ती पुन्हा चिखलच.

एका रहिवाशांनी सैन्याची हिरवी दुर्बीण का लावत नाही, असेही विचारले. ती आलेल्या फोटॉनचे इलेक्ट्रॉन करून त्यांची संख्या हजारोपटींनी वाढवते हे खरे, पण मगर चिखलाच्या रंगाची असण्यावर तिच्याकडेही इलाज नाही, आणि किंमत ऐकल्यावर त्यांनी विषय बदलला.

तोडगा शेवटी सेन्सरमध्ये सापडला नाही. एका दुपारी उन्हात तापलेल्या टेरेसवर चटके बसत होते, आणि रात्री दहा वाजताही तीच फरशी कोमट लागत होती. थर्मल कॅमेऱ्याला फरक हवा असतो; मगरीचे तापमान माझ्या हातात नव्हते, पण तिच्याखालच्या जमिनीचे होते. मी अप्पांना म्हटले, भगदाडापुढे चार मीटर रुंद आणि सहा मीटर लांब सिमेंटचा जाड पट्टा टाका, आत यायचे तर मगरीला तो ओलांडावाच लागेल. काँक्रीट दिवसभर उष्णता साठवते आणि रात्री उशिरापर्यंत ती सोडत राहते. कांसातून आलेली ओली मगर त्यावर गार ठरेल. अप्पांनी कागदावर सिमेंट, वाळू, खडी, मजुरी असे आकडे मांडले, बेरीज केली, कॅमेऱ्याच्या किमतीशेजारी ठेवली आणि म्हणाले, “हे आधी का नाही सुचवलंत?”

पट्टा पडला, त्यावर पंधरा दिवस पाणी मारले, आणि मी थर्मलची छटांची पट्टी फक्त तेवढ्याच चौकोनापुरती बांधली, म्हणजे कुत्री कुठेही झोपली तरी छटांच्या वाटणीत त्यांचा हिस्सा नको. संततधार लागली की काँक्रीटही निवते हे मी लेखी दिले. तशा रात्री भिस्त डोळ्यांच्या चमकेवर आणि रखवालदारावर. त्याच्यासाठी कपाळाला बांधायचा दिवा घेतला. कोळ्याचे जाळे दर शनिवारी झाडूने काढायचे, हेही करारात घातले.

ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात एका रात्री, एक वाजून बारा मिनिटांनी, खोलीतला भोंगा वाजला. पट्टा पडद्यावर उजळ पांढरा होता, २९ अंशांच्या वर. त्यावर, आधी मुस्कट, मग पुढचे दोन पाय, मग दातेरी शेपटीपर्यंत पूर्ण, कोळशाने काढावी तशी एक काळीकुट्ट मगर चढून आली. फरक अडीच अंशांचा होता. ती मधोमध थांबली, चाळीस सेकंद हलली नाही, आणि रखवालदाराने भगदाडाची नवी जाळी काठीने वाजवल्यावर सावकाश वळून परत गेली. तिच्यामागे पोटाने ओढलेला ओला काळा पट्टा वीस मिनिटे राहिला.

अप्पांनी त्या चित्राची छापील प्रत मागून घेतली आणि नोटीस बोर्डावर लावली. दोन दिवसांनी मी गेले तेव्हा तिच्याखाली त्यांच्या हिशेबी अक्षरात एक ओळ लिहिलेली होती, कारण पाहणारे बरेच जण ते चित्र उलटे छापले गेले आहे असे समजत होते: “काळी आहे ती मगर. पांढरे आहे ते सिमेंट.”